आधी कोणाचा स्वयंपाक?

शेजारच्या घरात अडचण असली की विनोबा भाव्यांच्या आई रुक्मिणीबाई तिथे जाऊन स्वयंपाक करून देत. पण आधी घरचा उरकून. छोट्या विन्याने एकदा टोकलंच: आधी आपलं, मग त्यांचं, हा स्वार्थ नाही का? आईचं म्हणणं साधं होतं. त्यांचं आधी करून ठेवलं तर जेवायच्या वेळेपर्यंत गार होईल.

मुलाने आईच्या मनात डोकावताना आपलंच माप लावलं. आई मात्र मनाने शेजाऱ्याच्या पाटावर जाऊन बसली होती.

विनोबांचं जन्मगाव गागोदे, पेण तालुक्यातलं, साल 1895. पेणच्या पुढच्या रोह्यात 19 ऑक्टोबर 1920 रोजी स्वाध्याय चळवळ उभी करणारे पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. एकाने 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीता सांगितली, दुसऱ्याने मुंबईत माधवबागेतल्या पाठशाळेत. त्या गीतेच्या सहाव्या अध्यायात एक अवघड शब्द आहे: आत्मौपम्य. दुसऱ्याचं सुखदुःख स्वतःवरून जाणणं.

अवघड अशासाठी की 'आपल्यावरून जग ओळखावं' हे मराठीत समजूतदार माणूसही म्हणतो आणि संशयीही. चोराच्या मनात चांदणं असतं, तेही आपल्यावरूनच! सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने, दुसऱ्याला मन आहे हे कशावरून ओळखायचं, या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. माझ्या हालचालीमागे माझा हेतू असतो, हे मला ठाऊक आहे. मग तशीच हालचाल दुसऱ्यात दिसली तर तिथेही मन असलं पाहिजे. तर्क चोख आहे. मात्र तिथे मन आहे एवढंच त्यातून कळतं, त्यात काय शिजतंय ते नाही.

स्वाध्याय म्हणजे मुळात आपल्या शाखेच्या वेदाचं पठण. आठवल्यांनी त्याचा अर्थ स्वतःला वाचणं असा घेतला, आणि गंमत म्हणजे त्यासाठी माणसांना घराबाहेर काढलं. भक्तिफेरीला, म्हणजे गावोगावी लोकांच्या भेटीला, जायचं ते पदरच्या खर्चाने, आपली शिदोरी घेऊन. कोणाच्या दारी काही मागायचं नाही. या नियमात शिष्टाचारापेक्षा मानसशास्त्र जास्त आहे: काही हवं असलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आपल्याला आपली गरजच दिसत राहते.

विनोबांनी मात्र मागितलं. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमिनीची गरज सांगितली. विनोबांच्या मनात आधी सरकारदरबारी अर्ज करायचा विचार आला. मग सहज त्यांनी गावकऱ्यांनाच विचारलं. जमीनदार रामचंद्र रेड्डी उठले आणि शंभर एकर देऊन बसले. त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही. जमीनदाराच्या मनाचा त्यांचा अंदाज चुकला होता, आणि त्या चुकीनेच त्यांना पुढची तेरा वर्षं जमीन मागत देशभर चालवलं. अर्थात अंदाज उलट बाजूनेही चुकला: मिळालेल्या लाखो एकरांतली बरीच जमीन पडीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही.

न मागण्याच्या नियमालाही दुसरी बाजू आहेच. कोकणात दारी आलेला माणूस चहा न घेता उठला, तर आतली बाई कप हातात धरून विचार करत राहते: आपल्या हातचं चालत नाही की काय यांना?