वारस ठरवावा लागतो

नेदरलँड्सच्या राजघराण्याला ज्या ऑरेंजचे नाव आहे, ते गाव दक्षिण फ्रान्समध्ये आहे. आणि ते नाव नासाउ कुळाकडे आले तेही वंशपरंपरेने नव्हे. १५४४ साली सँ-दिझिएच्या वेढ्यात रने द शालों मरण पावला, तेव्हा त्याच्यामागे औरस मूल नव्हते. ऑरेंजचे संस्थान त्याला आईच्या शालों कुळाकडून मिळाले होते. मृत्युपत्राने त्याने ते वडिलांकडच्या चुलतभावाला, ११ वर्षांच्या विल्यमला दिले. शालोंच्या वंशावळीतून विल्यमला कसलाही हक्क पोचत नव्हता. सम्राट पाचव्या चार्ल्सने संमती दिली ती एका अटीवर: ल्यूथरपंथी आईबापांचा हा मुलगा कॅथलिक म्हणून वाढला पाहिजे. पुढे हाच मुलगा स्पेनविरुद्धच्या बंडाचा नेता झाला. या घराण्याचा इतिहास बहुधा अखंड वंशवेलीची कथा म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात दिसते ते हे, की वेल पुनःपुन्हा तुटली आणि दर वेळी वारस कोण हे कुणाला तरी ठरवावे लागले.

१५८४ साली डेल्फ्टमध्ये विल्यमचा खून झाला. थोरला मुलगा फिलिप विल्यम जिवंत होता, पण १५६८ मध्येच त्याला लूव्हेनच्या विद्यापीठातून उचलून स्पेनला नेले होते. किताब थोरल्याचा राहिला. हॉलंड आणि झीलंड या प्रांतांनी स्टाटहाउडरपद मात्र धाकट्या मॉरिसला दिले. स्टाटहाउडर म्हणजे मुळात राजाचा प्रांतातला प्रतिनिधी. राजाच झुगारून दिल्यावर ही नेमणूक प्रांतसभांच्या हाती आली, आणि किताब व सत्ता यांच्या वाटा तिथेच वेगळ्या झाल्या. १६५० मध्ये तर हे अगदी उघड झाले. स्टाटहाउडर दुसरा विल्यम देवीच्या रोगाने गेला आणि आठ दिवसांनी त्याचा मुलगा जन्मला. वंशाच्या दृष्टीने वारस निर्विवाद होता. तरीही १६५४ साली हॉलंडने इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या आग्रहावरून ठराव केला, की या बाळाला ते पद कधीच द्यायचे नाही.

यावर कोणी विचारेल, की मग संकट आले की लोक ऑरेंजचेच नाव का घेत? १६७२ साली फ्रेंच फौजा देशात घुसल्या, तोच मुलगा, तिसरा विल्यम, सत्तेवर आला आणि हेगमध्ये जमावाने स्टाटहाउडरपदाच्या विरोधक डी विट बंधूंना ठार मारले. आक्षेप खरा आहे. त्या नावामागे १५८४ च्या रक्ताची आठवण होती आणि तिचे बळ मी नाकारत नाही. पण १६५० ते १६७२ आणि १७०२ ते १७४७ अशी ६७ वर्षे बहुतेक प्रांतांनी स्टाटहाउडरविना कारभार केला, आणि दोन्ही वेळा ते पद परत आले ते फ्रेंच आक्रमणाच्या भीतीने. ऑरेंजचे नाव म्हणजे गरज पडली की उघडायची ठेव होती. ती कधी उघडायची हे घराणे ठरवत नव्हते.

१७०२ मध्ये तिसरा विल्यम निपुत्रिक वारला, तेव्हा मूळ विल्यमची पुरुषशाखाच संपली. मृत्युपत्रात नाव होते फ्रीजलंडच्या जॉन विल्यम फ्रिसोचे; प्रशियाच्या राजाने आजोबा फ्रेडरिक हेन्रीच्या जुन्या मृत्युपत्रावर बोट ठेवले. फ्रिसो १७११ साली मुर्डेकजवळ बुडाला आणि काही आठवड्यांनी त्याला मुलगा झाला. वाद मिटायला १७३२ साल उजाडले, आणि त्या करारात किताब दोन्ही घराण्यांनी वापरावा असे ठरले. एका किताबाचे दोन कायदेशीर धनी! रक्तच निर्णायक असते, तर हे शक्य नव्हते.

राजेशाही आल्यावर, १८१५ नंतर, तरी जन्म हाच निकष झाला ना? १८९० पाहा. राजा तिसरा विल्यम (वरचा स्टाटहाउडर नव्हे) वारला, तेव्हा त्याचे तिन्ही मुलगे आधीच गेलेले होते. नेदरलँड्सची गादी १० वर्षांच्या विल्हेल्मिनाला मिळाली. त्याच राजाचे लक्झेंबर्ग मात्र नासाउ कुळातील पुरुषवारसाच्या कराराने दूरच्या शाखेतील अडॉल्फकडे गेले. एक मृत्यू, एकच मुलगी, आणि दोन देशांचे दोन वारस. १९८३ च्या घटनादुरुस्तीने मुलगा-मुलगी हा भेदही काढून टाकला. संसदेची संमती न घेता लग्न केल्यामुळे १९६४ मध्ये राजकन्या इरेनने, तर २००४ मध्ये राजपुत्र फ्रिसोने गादीवरचा हक्क गमावला. दोघेही आपापल्या काळच्या राणीच्या पोटची मुले होती. ऑरेंज गाव १७१३ च्या तहाने फ्रान्सकडे गेले, ते गेलेच. तरी २०१३ पासून काथारिना-अमालिया 'ऑरेंजची राजकन्या' आहे: गादीची वारस म्हणून हा किताब धारण करणारी पहिली मुलगी.