मालकाची पाच कर्तव्ये



धम्मबंधू-भगिनींनो, भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट बायस्टर यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात एसएआयसी ही तंत्रज्ञान कंपनी काढली आणि तिचे शेअर कर्मचाऱ्यांत वाटले. कंपनीचे बरेच काम लष्करासाठी होते; सम्यक आजीविकेचा प्रश्न तिथे उरतोच. पण मालकीची वाटणी शिकण्याजोगी आहे.

सिगालोवाद सुत्तात तथागत मालकाची पाच कर्तव्ये सांगतात: झेपेल तेवढेच काम, अन्न-वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडधोडात वाटा, वेळेवर सुट्टी.

मस्कतमध्ये आपण कुणाचे तरी नोकर आहोत, तसेच घरकामाला येणाऱ्या ताईंचे मालकही. येत्या शुक्रवारी वंदनेला बसण्याआधी स्वतःला विचारा: या पाचांपैकी मी किती पाळतो?

भवतु सब्ब मंगलं.