आडगावचा पायपर आणि वारशाची मालकी

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या आडगावजवळ नागपूरकर भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्लीची फौज समोरासमोर आल्या. भोसल्यांकडून दुसऱ्या रघूजींचे बंधू व्यंकोजी होते, सोबतीला शिंद्यांचं घोडदळ. इंग्रज फौज शिरसोलीतून बाहेर पडताच तोफा सुरू झाल्या आणि दोनच महिन्यांपूर्वी असईला निधड्या छातीने लढलेल्या देशी पलटणी उधळल्या. वेलस्लीने त्यांना गोळा करून पुन्हा रांगेत आणलं. दुपार कलल्यावर फौज पुढे सरकली. तिच्यात स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड मुलखातल्या पलटणीही होत्या. त्यांतल्या ७८व्या पलटणीच्या एका पायपरची, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्याची, गोष्ट डेव्हिड स्टुअर्ट या स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्याने १८२२च्या आपल्या पुस्तकात दिली आहे.

असईला वाजंत्र्यांना जखमी उचलण्याचा हुकूम झाला होता. हा पायपरही वाद्य बाजूला ठेवून त्या कामाला लागला. नंतर सोबत्यांनी त्याला धारेवर धरलं. बासरीवाले मागे गेले तर एक वेळ चालेल, पण पायपर लढाईच्या तोंडाशीच हवा! बिचारा खजील झाला. आडगावला त्याने सगळी कसर भरून काढली. अशा त्वेषाने पाइप वाजवली की शिपाई वेळेआधीच धावत सुटून रांग मोडतील असं दिसू लागलं. शेवटी कर्नल अ‍ॅडम्सला त्यालाच गप्प करावं लागलं.

या पायपरला ‘स्कॉटिश वारसा’ ठाऊक नव्हता. त्याला ठाऊक होती ती पायपरची जागा आणि तिची अब्रू. वारशाची कल्पना त्याच्या भोवती, त्याच्याच काळात, दुसरेच लोक घडवत होते. ती कशी घडली हे पाहिलं की आपल्या वऱ्हाडातल्या वाद्यांचं काय चाललंय तेही नीट दिसतं.

आधी वाद्य पाहू. काखेतली पिशवी तोंडाने फुंकून भरायची आणि कोपराने दाबत राहायची. खांद्यावरच्या नळ्या एकच सूर धरून ठेवतात. आपल्याकडे मुख्य सनईच्या जोडीला सूर धरणारा असतो, त्याचंच हे काम. बोटांखालच्या नळीत नऊच स्वर. आवाज कमी-जास्त करता येत नाही, मध्ये थांबता येत नाही. एक स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसरा स्वर निसटता लावावा लागतो. सगळं कसब त्या निसटत्या स्वरांत असतं. ते कागदावरून येत नाही, म्हणून गुरू बोल गाऊन दाखवी आणि शिष्य तेच बोल पाठ करून बोटांवर आणी. तबल्याचं शिक्षण पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

हे शिक्षण वतनावर चालत असे. स्काय बेटावरचं मॅकक्रिमन घराणं पिढ्यान्‌पिढ्या मॅक्लाउड सरदारांच्या पदरी होतं. १७४६ साली कलोडनच्या मैदानावर हायलँडचं बंड मोडलं आणि ही घडी विस्कटू लागली. त्याच वर्षी जेम्स रीड या पायपरला यॉर्कमध्ये फाशी झाली. आपल्या हाती शस्त्र नव्हतं, हा त्याचा बचाव कोर्टाने मानला नाही. हायलँडर पायपरशिवाय कूच करत नाहीत, तेव्हा हे वाद्यही युद्धाचंच साधन, असा निवाडा झाला. सरदार हळूहळू जमीनदार बनले. त्यांना पायपर नको होता, मेंढ्या हव्या होत्या, कारण मेंढ्यांचं भाडं जास्त येई.

आणि नेमकं याच वेळी वाद्याला प्रतिष्ठा आली. १७७८ साली हायलँड सोसायटी स्थापन झाली, ती लंडनमध्ये. मुलूख सोडून राजधानीत गेलेल्यांनी काढलेली. तिने १७८१ पासून पायपरांच्या स्पर्धा सुरू केल्या. पायपिंगच्या शास्त्रावरचं पहिलं मोठं पुस्तक जोसेफ मॅकडोनल्ड या तरुणाने १७६०च्या सुमारास लिहिलं, तेही ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात येताना. काही वर्षांतच तो इथे वारला. हस्तलिखित पुढे बंगालमध्ये सापडलं आणि एडिंबराला छापलं गेलं १८०३ साली, म्हणजे आडगावच्याच वर्षी. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी जहाजांचा कायदा करून गरिबांचं परदेशी जाणं महाग केलं. मजूर आणि शिपाई हातचे जातील ही हायलँडच्या जमीनदारांची धास्ती त्यामागे होती. स्पर्धेत पायपरला बक्षीस देणारा आणि त्याच्या भाऊबंदांना ना धड गावात राहू देणारा, ना बाहेर जाऊ देणारा वर्ग एकच होता.

तरी लोक गेले. १७७३ साली ‘हेक्टर’ जहाज कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला लागलं आणि मागोमाग हजारो आले. केप ब्रेटन बेटावर घरोघरच्या नाचासाठी कानाने ऐकून वाजवायची जुनी रीत २०व्या शतकापर्यंत टिकली. इकडे स्कॉटलंडात स्पर्धा आणि लष्कर यांनी वाजवण्याला एकच शिस्त लावली होती. १८५४ साली लष्कराने पायपरांची पदं अधिकृतपणे मंजूर केली; तोवर त्यांचा खर्च बहुधा पलटणीचे अधिकारी पदरचा करत. पलटणींबरोबर वाद्य गढवाली, गुरखा, शीख शिपायांकडे आलं. गढवालात आज ते लग्नात वाजतं आणि कोणाला परकं वाटत नाही.

वारशाची गुढी उभारली गेली १८२२ साली. राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने अख्खं शहर किल्टमध्ये, म्हणजे हायलँडच्या पोशाखात, सजवलं. त्याला मदत करणारा होता हाच डेव्हिड स्टुअर्ट. पूर्वी सखल भागातले स्कॉट लोक डोंगरातल्यांना रानटी म्हणत. आता त्यांचाच पोशाख आणि त्यांचंच वाद्य सगळ्या देशाची ओळख ठरली. १९८३ साली ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने ही परंपरा बनावट असल्याचं खोचकपणे लिहिलं. टोमणा अर्धाच खरा आहे. वाद्य जुनंच होतं, त्याची मालकी मात्र नवी होती. आणि या मालकीची किंमत सखल भागानेच मोजली. जेडबरासारख्या गावांना स्वतःचा पायपर असे. तिकडे फुंकण्याऐवजी भात्यावर चालणारी मऊ आवाजाची पाइप होती. राष्ट्रीय वाद्य ठरलं आणि ही पाइप विस्मरणात गेली. १९८०च्या दशकात काही हौशी मंडळींनी तिला पुन्हा हातात घेतलं.

वऱ्हाड आज त्या सखल भागाच्या जागी आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळांत गणपतीला ढोल-ताशा घुमतो आणि त्यात अकोला-अमरावतीची पोरंही हौसेने कमरेला ढोल बांधतात. त्यात गैर काही नाही. पण त्यांच्या आजोबांच्या गावात लग्नाला सनई आणि डफडं होतं, देवीला संबळ. पुण्याच्या मिरवणुकीतलं वाद्य साऱ्या मराठीपणाची खूण झालं आणि या वाद्यांना वारशाच्या यादीत कोपऱ्यातच जागा उरली.

मात्र डफड्यासाठी नुसते उसासे टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. हायलँड सोडून गेलेल्याला पाइप अभिमानाची वाटली, कारण तिने त्याला पलटणीच्या पुढे उभं केलं होतं. डफडं वाजवणाऱ्याला गावाने मांडवाबाहेर उभं केलं. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेकांनी गावकीच्या कामांबरोबर ते वाजवणंही सोडलं, आणि सन्मानासाठीच सोडलं. त्यांच्या नातवंडांना ‘आपला वारसा जपा’ असं सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

याउलट खंजिरी पाहा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तिला भजनात आणलं, मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं झाली. जात न विचारता जो बसेल त्याच्या हातात खंजिरी आली. म्हणून अमरावती जिल्ह्यातला शाळकरी पोरगा आजही ती वाजवताना दिसतो. तिच्यासाठी कोणाला परदेशी जाऊन हळहळावं लागलं नाही.

वारसा टिकतो तो वयाने किंवा मातीच्या ओढीने नव्हे. शिकवायला जागा, वाजवणाऱ्याला मोल आणि मांडवाच्या आत पाट, या तीन गोष्टी लागतात. पाइपला पहिल्या दोन लष्कराने दिल्या, तिसरी तिने स्वतः मिळवली. सनई-डफड्यासाठी आपण सुरुवात तिसरीपासून करायला हवी.