खेळणे कोणाचे?

वर्षाच्या मुलाला खेळणे आणावयाचे म्हटले की घरातील वडील मंडळींत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मूल हसले म्हणजे झाले. दुसरा म्हणतो, आणावयाचे तर असे आणा की जे टिकेल आणि ज्यातून मूल काही शिकेल. दुसरा पक्ष अधिक शहाणा दिसतो, व आमचे मतही बहुतांशी त्याच्याच बाजूचे आहे. तथापि ‘टिकेल’ आणि ‘शिकेल’ या दोन शब्दांच्या आड आपण मोठी माणसे स्वतःची हौस किती दडवतो, याचा विचार फारसा होत नाही.

प्रथम शिकण्याचा मुद्दा घेऊ. ईश्वर पूर्णकाम असता त्याने जग निर्माण करण्याचे प्रयोजन काय, असा आक्षेप ब्रह्मसूत्रांत उपस्थित केलेला आहे, आणि त्याचे समाधान ‘लीला’ या कल्पनेने केले आहे. ज्या समाजाच्या तत्त्वज्ञानात खेळाला एवढे उच्च आसन मिळाले, त्याने घरातील रांगत्या बाळाच्या खेळाकडे मात्र परीक्षेच्या पूर्वतयारीप्रमाणे पाहावे, ही विसंगतीच होय. पेटीवर ‘बुद्धिवर्धक’ असे छापले की बापाचा हात खिशाकडे जातो. मुलाला ती अक्षरे वाचता येत नाहीत, हे एक बरे आहे.

याचा अर्थ मूल खेळातून शिकत नाही असा मुळीच नव्हे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी आपल्या तीन अपत्यांच्या बाललीला बारकाईने टिपून ठेवल्या व त्यांवर आधारलेला ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध केला. वर्षाच्या आगेमागे मूल तीच वस्तू निरनिराळ्या जागांवरून पुन्हा पुन्हा टाकून पाहते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे आई म्हणते, ‘अगबाई, पुन्हा वाटी फेकली!’ वस्तुतः ते फेकणे हाच बाळाचा त्या वेळचा अभ्यास असतो. वाटी पातेल्यात घालणे आणि काढणे, झाकण लावणे आणि उघडणे, पदराआड गेलेला चेंडू शोधणे, यांत त्याला कंटाळा म्हणून येत नाही. जर्मनीत १८३७ साली बालोद्यानाचा पाया घालणाऱ्या फ्रोबेलने मुलांसाठी योजलेल्या साहित्यात पहिला मान लोकरीच्या मऊ चेंडूंना दिला, आणि त्यामागोमाग लाकडी गोल व घन आले. मूल हलवील तेव्हाच हलणाऱ्या या वस्तू. उलट, कळ दाबताच गाणारे आणि नाचणारे खेळणे स्वतःच खेळते व मुलाला प्रेक्षक करून बसवते.

आता टिकण्याचा मुद्दा. चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी, सावंतवाडीची आणि गोकाकची रंगीत लाकडी फळे आपल्या भागाला नवी नाहीत. (लाकडी आंबा चावून पाहणाऱ्या बाळाची मुद्रा ज्याने पाहिली नाही त्याने ती अवश्य पाहावी.) परंतु या वयात प्रत्येक वस्तूची पहिली परीक्षा तोंडातच होते, हे विसरून चालणार नाही. सव्वा इंचाच्या भोकातून जाणारी वस्तू वा सुटा तुकडा घशात अडकू शकतो. बटणाएवढी विद्युतघटी गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिका जळते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह बंधनकारक झाले असले, तरी नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या मालाला त्यातून सूट आहे. तेव्हा जत्रेच्या दुकानात रंग कोणता व तो सुटतो काय, हे आपणच विचारले पाहिजे.

पण टिकाऊपणाचा खरा घोटाळा निराळाच आहे. महागाचे खेळणे फुटेल म्हणून काचेच्या कपाटात जाते आणि पाहुण्यांना दाखवले जाते. सर्वांत अधिक तेच टिकते! शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील रोहसेन मातीची गाडी नको, शेजारच्या मुलासारखी सोन्याची हवी, म्हणून रडतो. वसंतसेना कळवळून आपले दागिने त्या गाडीत भरते, आणि पुढे न्यायसभेत तेच दागिने चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा ठरतात. रोहसेन निदान बोलता होता आणि शेजाऱ्याशी तुलना करण्याइतका मोठा होता. वर्षाच्या मुलाला सोने आणि माती अद्याप सारखीच असतात. ही समदृष्टी त्याला साधना न करता लाभलेली असते, व आपण किमतीची चिठ्ठी दाखवून, ‘जपून हं, महागाचे आहे’ असे बजावून, ती प्रथम मोडतो. पांगुळगाड्याची गोष्ट याहून किती वेगळी! तो थोरल्याचा धाकट्याकडे आणि या घरचा मावशीच्या घरी जातो, आणि मुठी पडून पडून दांड्याचा रंग उडाला तरी त्याचे मोल उतरत नाही. असे टिकणे आम्हांस मान्य आहे.

आपल्या जुन्या संस्कारविधींत अन्नप्राशनानंतर जीविकापरीक्षा सांगितली आहे. पुस्तक, शस्त्र, कारागिराची हत्यारे अशा वस्तू बाळापुढे मांडावयाच्या आणि ते प्रथम कशास हात घालते ते पाहावयाचे. त्यातून जीविका कळते की नाही, तो वाद बाजूस राहो. निवड करण्याचा अधिकार तेथे बाळाला दिलेला असतो, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. पहिल्या वाढदिवशीही चेंडू, डबा, ठोकळे असे दोनचार जिन्नस चटईवर मांडून आपण मागे सरकावे. बाळ त्यांच्याकडे पाठ करून स्वयंपाकघरातील पळीकडे रांगत गेले, तर पळी द्यावी. ती धुऊन पुन्हा आमटीत घालता येते.