चित्रगुप्ताची वही आणि आपली संमति

चित्रगुप्ताची कल्पना ज्यानें प्रथम केली त्याला मनुष्यस्वभावाची चांगलीच पारख असली पाहिजे. आपल्या प्रत्येक कृत्याची कोठें तरी नोंद होत आहे, एवढी जाणीव माणसाला धाक घालण्यास पुरेशी असते. परंतु त्या कल्पनेंत धाकाबरोबर न्यायहि आहे, तिकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. चित्रगुप्त पापाप्रमाणें पुण्यहि लिहितो; त्याची वही एकाच न्यायासनापुढें उघडली जाते; आणि ती वही तो बाजारांत विकीत नाहीं. आपल्या खिशांतील मोबाईलवर आपण जें वाचतों, शोधतों आणि विकत घेतों त्याचीहि आज एक वही लिहिली जात आहे. तिला या कसोट्या लावून पाहणें हा वरवर यंत्रविद्येचा विषय दिसला, तरी वस्तुतः तो नीतिशास्त्राचा आहे.

प्रथम वस्तुस्थिति समजून घेऊं. संकेतस्थळ आणि वाचकाचा ब्राउझर यांच्यामधील व्यवहार मुळांत विस्मरणशील आहे. एक पान मागितलें, तें मिळालें, कीं व्यवहार संपला. दुसरें पान मागणारा तोच गृहस्थ आहे हें पान देणाऱ्या यंत्राला ठाऊक नसतें. ही अडचण दूर करण्यासाठीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली या अभियंत्यानें १९९४ सालीं एक युक्ति काढली. संकेतस्थळानें वाचकाच्या ब्राउझरपाशीं एक लहानशी चिठ्ठी ठेवावी, आणि पुढच्या वेळीं ब्राउझरनें ती परत दाखवावी. हीच ‘कुकी’. मध्यंतरांत बाहेर जाणाऱ्या प्रेक्षकाला नाटकगृहाचा द्वारपाल पास देतो, त्यांतलाच हा प्रकार. यांत निंद्य असें कांहीं नाहीं.

परंतु एका पानावर केवळ त्या पानाच्या मालकाचाच मजकूर असतो असें नाहीं. एखादी जाहिरात, किंवा डोळ्यांस न दिसणारा एखादा ठिपका, तिसऱ्याच कंपनीच्या यंत्राकडून येतो, आणि येतांना ती कंपनीहि आपली चिठ्ठी ठेवून जाते. तीच कंपनी हजारों संकेतस्थळांना जाहिराती पुरवीत असली, तर सकाळीं वर्तमानपत्र वाचणारा, दुपारीं मधुमेहाचीं लक्षणें शोधणारा आणि रात्रीं कर्जाचे दर पाहणारा हा एकच इसम आहे, हें तिला कळूं लागतें. कुकीविषयींचे तांत्रिक नियम १९९७ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांतच हा धोका ओळखलेला होता. तिऱ्हाइताची चिठ्ठी ब्राउझरनें आपण होऊन स्वीकारूं नये असें त्यांत सुचविलें होतें. त्या वेळच्या प्रमुख ब्राउझरांनीं तें मानलें नाहीं.

कोणी म्हणेल, आमच्या पेठेंतला वाणीहि आमच्या घरीं साखर किती लागते हें जाणतो. मग यंत्रानें जाणलें तर काय बिघडलें? या प्रश्नांतच उत्तराची दिशा आहे. वाण्याला माझी माहिती आहे, तशी मलाहि वाण्याची आहे. आणि त्याला काय माहीत आहे हेंहि मी जाणतों. परंतु त्याच वाण्यानें माझ्या साखरेचा हिशोब विमा कंपनीला किंवा सावकाराला दिला, तर ती माहिती अक्षरशः खरी असूनहि आपण त्याला विश्वासघातकीच म्हणूं. याचा अर्थ असा कीं, दोष जाणण्यांत नाहीं. ज्या नात्यांत एखादी गोष्ट कळली त्या नात्याबाहेर ती नेण्यांत दोष आहे. वैद्य, वकील आणि मित्र यांच्या बाबतींत हा न्याय आपण निरपवाद मानतों. जाहिरातदारालाच त्यांतून सूट कां द्यावी, हें सिद्ध करण्याची जबाबदारी सूट मागणाऱ्यावर आहे.

दुसरा आक्षेप अधिक रूढ आहे. “ज्याला लपवावयाचें कांहीं नाहीं त्याला भीति कसली?” आमच्या विद्यार्थ्यांपासून त्यांच्या आजोबांपर्यंत सर्वांच्या तोंडीं हें वाक्य असतें. यांत खासगी आणि लज्जास्पद या दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाली आहे. आपण पत्र पाकिटांत घालतों तें त्यांत पाप असतें म्हणून नव्हे. शिवाय शोध हा मुळांत प्रश्न असतो, उत्तर नव्हे. धर्मावरील श्रद्धा डळमळलेला तरुण नास्तिकमताचे लेख वाचतो. संसारांत पोळलेली स्त्री घटस्फोटाचा कायदा पाहते. तो नास्तिक होईलच, ती घर सोडीलच, असें नाहीं. मन कोणत्याहि निश्चयापूर्वीं अनेक वाटांनीं फिरून येतें, आणि असें फिरतांना कोणी मागें नसावें ही विचारस्वातंत्र्याची पहिली अट आहे. ती वही मात्र त्या क्षणिक प्रश्नाला माणसाचा गुणधर्म समजून लिहिते. वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनीं १८९० सालीं खासगीपणाच्या हक्कावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याला तत्काळ छायाचित्र घेणारा कॅमेरा आणि चहाडखोर वृत्तपत्रें हें निमित्त होतें. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें हा हक्क मूलभूत ठरविला. गुन्हेगारांना आडोसा मिळावा म्हणून हा खटाटोप झाला, असें कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाहीं.

तिसरा आक्षेप मात्र विचारार्ह आहे. जाहिरातींमुळेंच खेड्यांतील विद्यार्थ्याला कितीतरी वाचन फुकट मिळतें. पाळत थांबली तर तें बंद पडणार नाहीं काय? पण वर्तमानपत्रांनीं पिढ्यान्‌पिढ्या जाहिरातींवर निर्वाह केला, आणि अंक कोणीं वाचला हें न विचारतां केला. मजकूर पाहून जाहिरात देतां येते. वाचकाच्या मागोमाग जावें लागत नाहीं. जाहिरात आवश्यक आहे एवढ्यावरून पाळत आवश्यक ठरत नाहीं. आणि तिच्यावांचून उत्पन्न घटत असेल, तर वाचनाची ती किंमत वाचकाला उघड सांगावी. किंमत लपविलेल्या वस्तूला फुकट म्हणणें हा सचोटीचा व्यापार नव्हे.

यावर सांगण्यांत येतें कीं, आम्ही तर संमति विचारतों. युरोपांत २००९ च्या दुरुस्तीनें अशा चिठ्ठ्यांस संमति आवश्यक झाली आणि २०१८ पासून नियम अधिक कडक झाले; त्यांतून प्रत्येक पानाआड उभी राहणारी ती चौकट जन्मली. ‘सर्व मान्य’ हें बटण ठळक, नकाराची वाट तीन पानें आंत! आधींच खूण करून ठेवलेला चौकोन ही संमति नव्हे, असें युरोपीय न्यायालयाला ऑक्टोबर २०१९ मध्यें सांगावें लागलें. संमतीला तीन गोष्टी लागतात: काय घडणार याचें ज्ञान, नाहीं म्हणण्याचें स्वातंत्र्य, आणि नकार होकाराइतकाच सुलभ असणें. आपल्या २०२३ च्या कायद्यानेंहि संमति मोकळी, माहितीपूर्वक आणि निःसंदिग्ध असावी, व ती परत घेणें देण्याइतकेंच सोपें असावें, असें म्हटलें आहे. मौन हें संमतीचें लक्षण असेलहि. थकवा हें खचित नव्हे.

मग व्यक्तीनें काय करावें? तिला करण्यासारखें कांहीं निश्चित आहे. सफारी ब्राउझर मार्च २०२० पासून तिऱ्हाइताच्या सर्व कुकी आपण होऊन अडवितो. फायरफॉक्सनें २०१९ पासून ओळखीच्या पाळतदारांना अटकाव केला. गुगलनें २०२० सालीं क्रोममधून त्या दोन वर्षांत काढण्याचें जाहीर केलें, आणि जुलै २०२४ मध्यें तो बेत सोडून दिला. या कंपनीचें बहुतेक उत्पन्न जाहिरातींचें आहे, हें येथें विसरूं नये. तेव्हां अँड्रॉइडवर क्रोम वापरणाऱ्यानें सेटिंगमध्यें जाऊन तिऱ्हाइताच्या कुकी स्वतः बंद कराव्या. सर्वच कुकी बंद केल्या तर प्रत्येक ठिकाणीं पुन्हा पुन्हा ओळख सांगावी लागेल. तिऱ्हाइताच्या बंद केल्यानें सहसा फारसें अडत नाहीं. तथापि पडद्याचा आकार, भाषा, अक्षरसंच अशा खुणांवरूनहि यंत्र ओळखतां येतें. म्हणून हा भार एकट्या वाचकावर टाकून मोकळें होणें अन्यायाचें आहे. विहिरींत विष कालवूं नये हा नियम आधीं; पाणी गाळून प्यावें हा उपदेश नंतर.

शेवटीं एक गोष्ट आपल्याच घरासंबंधीं. ब्राउझरमध्यें ‘खासगी खिडकी’ म्हणून एक सोय असते. ती संकेतस्थळापासून किंवा इंटरनेट पुरविणाऱ्यापासून आपल्याला लपवीत नाहीं. तोच मोबाईल पुढें हातीं घेणाऱ्यापासून मात्र आपला इतिहास लपविते. म्हणजे तिचा खरा उपयोग घरच्या माणसांपासून आडोसा एवढाच. सुनेचें पत्र सासऱ्यानें आधीं फोडावें ही रीत आपल्याकडे फार जुनी नाहीं, आणि मुलीचा मोबाईल न विचारतां चाळण्यांत आजहि पुष्कळांना कांहीं वावगें वाटत नाहीं. प्रेमापोटीं पाहिलें, असें आपण म्हणतों. सेवेसाठीं पाहिलें, असें कंपनी म्हणते. ज्या घरांत विचारल्यावांचून पाहूं नये हा शिष्टाचार नाहीं, त्या घरांतून बाहेरच्या पाळतीविरुद्ध उठणारा आवाज क्षीणच असणार. चित्रगुप्ताचा अधिकार आपण कोणत्याहि व्यापाऱ्याला दिलेला नाहीं. तो आपल्याकडेहि नाहीं.