शिकाऊ हात, रिकाम्या खुर्च्या

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आणि लोकांनी तिचे बारसे लगेच ‘लाडका भाऊ’ असे उरकून टाकले. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय-पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत सहा महिने, पुढे आणखी पाच. मुदत सरल्यावर प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले ते ‘कायम करा’ म्हणत. शिकायला आलेला माणूस नोकरी का मागतो, असे विचारणाऱ्यांनी त्याला काम काय दिले होते तेही पाहावे. जिथे दोन लिपिकांच्या जागा रिकाम्या, तिथे आलेला पोरगा आवक-जावक नोंदवहीपुढेच बसणार. नोंदवही आठवड्यात कळते. उरलेले महिने ती शिकवणी नसते, स्वस्तातली नोकरी असते.

आता भुसावळकडे पाहा. रेल्वे, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माण्या, दीपनगरचे वीज केंद्र यांमुळे ‘अप्रेंटिस’ हा शब्द जळगाव जिल्ह्यात घरगुती झाला आहे. फिटरचा पोरगा सुरुवातीला लोखंडाचा ठोकळा कानशीने घासत बसतो. गुण्या लावून ठोकळा उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. कंटाळवाणेच काम, पण चूक त्याला स्वतःला दिसते आणि शेजारी उभ्या असलेल्या जुन्या कारागिरालाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातली व्यवसाय परीक्षा या दिसण्यावरच उभी आहे. माझे म्हणणे एवढेच, की सरकारने विद्यावेतन जरूर द्यावे, पण जिथे शिकवणारा आहे, शिकलेले तपासता येते आणि पुढे जागा निघणार आहे, तिथेच त्याला प्रशिक्षण म्हणावे.

यावर पहिला आक्षेप पोटाचा आहे. धुळ्याच्या कोरडवाहू गावात, कापसाने दगा दिलेल्या वर्षी, महिना दहा हजार ही थट्टेची रक्कम नव्हे. मान्य. पण आधारच द्यायचा तर त्यासाठी महाराष्ट्राकडे जुना आणि सरळ नमुना आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात फोफावली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला. खडी फोडणाऱ्याला तुला अनुभव मिळतोय, असे तिने कधी सांगितले नाही. काम मोजले, मजुरी दिली.

दुसरा आक्षेप अवघड आहे: शिकवले तर नोकरीही द्या. अप्रेंटिसला सामावून घेण्याची सक्ती १९६१ चा कायदा मालकावर करत नाही. इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षिताला प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश एसटीच्या प्रकरणात सांगितले. आणि त्याच न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने कायम होण्याची वाट जवळपास बंद केली. ती बंदच राहावी. ती उघडली तर स्पर्धा परीक्षेसाठी जळगावच्या अभ्यासिकेत वर्षे घालवणाऱ्या मुलीवर तो अन्याय ठरेल. रेल्वेत खालच्या श्रेणीच्या भरतीत अप्रेंटिसांसाठी २० टक्के जागा राखीव आहेत, तरी मार्च २०१८ मध्ये त्यांनी मुंबईची लोकल रोखली, कारण शिकून बाहेर पडणाऱ्यांची आणि जागांची गाठ कुणी घातलीच नव्हती.

ही गाठ घालणे कठीण नाही, हेच नवल. राज्य सरकारचा बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. एसटीच्या धुळे विभागातला मेकॅनिक असो की महावितरणचा वायरमन, त्याची जागा कधी मोकळी होणार हे सेवापुस्तकात जन्मतारीख लिहिली त्याच दिवशी ठरलेले असते. निवृत्तीच्या तारखेच्या दोन वर्षे आधी जाहिरात काढावी, उघड परीक्षेने शिकाऊ निवडावा, जुन्या माणसाला शिकवण्याचा वेगळा भत्ता द्यावा आणि शेवटच्या कसोटीला उतरला तर तीच जागा शिकाऊला द्यावी. खर्च वाढेल, संख्या मात्र घटेल. दरवर्षी दहा लाख प्रशिक्षणार्थींची घोषणा करता येणार नाही. जळगाव-धुळ्यात मिळून कदाचित काहीशेच पोरे निघतील, पण कुणाच्या जागी कोण येणार हे पहिल्या दिवशी दोघांनाही ठाऊक असेल.