गुरूच्या हाती रुमाल

मंडळीत सेवा करताना हा अनुभव तुम्हालाही आला असेल. तुम्ही सतरंज्या घातल्या, आजाऱ्यांना भेटून आलात, प्रीतिभोजनानंतर भांडी घासलीत. आणि आभार मानताना नेमके तुमचेच नाव राहून गेले. तेव्हा मनाला काहीतरी टोचले. सेवा जर प्रभूसाठी होती, तर ते टोचले का?

योहानाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय उघडा. त्या काळी धुळीतून चालून आलेल्यांचे पाय धुणे हे दासाचे काम होते. त्या रात्री पाणी होते, गंगाळ होते, रुमाल होता. पण शिष्यांपैकी कोणी उठला नाही. लूक सांगतो की त्याच भोजनाच्या वेळी, आपल्यात मोठा कोण, यावरून त्यांच्यात वाद झाला. शेवटी गुरूच उठला.

योहान इथे एक महत्त्वाची गोष्ट नोंदवतो. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे आणि आपण देवाकडेच परत जात आहोत, हे येशूला ठाऊक होते. हे ठाऊक असतानाच त्याने कमरेला रुमाल बांधला. म्हणजे नम्रता ही स्वतःला कवडीमोल समजणे नव्हे. आपले मोल देवाजवळ सुरक्षित आहे हे ज्याला कळले, त्याला ते माणसांकडून मागत बसावे लागत नाही. म्हणूनच तो मोकळ्या मनाने वाकू शकतो.

आणखी दोन गोष्टी पाहा. पेत्राने आधी पाय पुढे केले नाहीत. सेवा करून घेण्यातही मोडावा लागतो तो अहंकारच. आणि यहूदा तेव्हा अजून बाहेर गेला नव्हता. त्याचेही पाय धुतले गेले. सेवा घेणारा तिला पात्र आहे की नाही, हे प्रभूने पाहिले नाही.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहे. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच रमाबाईंनी पुढे दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना केडगावच्या मुक्ति सदनात आसरा दिला. हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायकांनाही समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. 1922 साली त्यांचे निधन झाले, तोवर त्या या कामात होत्या. विद्वत्ता त्यांनी टाकून दिली नाही. ती सेवेला लावली.

म्हणून या आठवड्यात एक काम असे करा, जे कोणाला कळणार नाही. आणि ते शक्यतो अशा माणसासाठी करा, ज्याच्याशी तुमचे पटत नाही. नंतर ते कोणाला सांगावेसे वाटले, तर ती इच्छा प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवा. ज्याने शिष्यांचे पाय धुतले, तो आपले हे मनही धुऊ शकतो.